अंदाज चुकला तर

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो बाप्पा नागपूरले! सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत खोली, खाली रुपरावचा तर्री-पोह्याचा ठेला, अन् चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. अजून काय पाहिजे माणसाले? बायको काजल पहिल्या बाळंतपणाले माहेरी, खाप्याले आहे. निघताना तिनं विचारलं, बाळाच्या वेळेले याल ना. म्हटलं, पाहतो ना वं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रोसेसर म्हणजे लय आज्ञाधारक गडी. त्याले फक्त आकडे समजतात. आकड्याचा एक तुकडा सांगते काय करायचं, बाकीचा सांगते कशावर करायचं. हे उचल, ते ठेव, बेरीज कर. पण मधातच 'असं असलं तर इकडं जा, नाही तर तिकडं' आलं की अडचण. उत्तर यायले वेळ लागते. आमच्या मोठ्या इंजिनीयर प्रेमलता मॅडम म्हणाल्या, तो वाट पाहत बसत नाही, अंदाजानं पुढचं काम करून ठेवते. अंदाज चुकला तर केलेलं सारं पुसते. रुपरावही तसाच, मी जिन्यात दिसलो की प्लेटवर तर्री ओतून मोकळा!

आमची नवी चिप तर दोन्हीकडचं काम एकदमच करते, अन् मग एक टाकून देते. मी विचारलं, टाकलेल्याले कळत असंन का? मॅडम हसल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमनं विचारलं, सोमवारी नव्या चिपची शेवटची चाचणी आहे, थांबाल ना. म्हटलं, पाहतो. तेवढ्यात काजलचा फोन. डॉक्टरनं सोमवारच सांगितला. तिलेही म्हटलं, पाहतो. आपल्याकडं तोंडावर 'नाही' म्हणायची रीतच नाही. 'पाहतो' म्हटलं की समोरचा खुश, आपण सुटलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

रुपराव म्हणे, तुम्ही आता तर खाऊन गेले गा भाऊ, खाप्याच्या बसमागं पळत होते. मी तर नुकताच झोपेतून उठलेला! सकाळी सकाळीच भांग घेतली का, म्हणून त्याले हसलो.

वर येऊन पाहतो तर माझी निळी बॅग नाही. टॉवेल नाही. दाढीचं सामान नाही. भेव लागून राहिलं मले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चाचणीलेच थांबलो. दुपारी खाप्याले फोन केला, सासूबाईनं उचलला. पोरगी झाली म्हणे. जावई तिले मांडीवर घेऊन बसले आहेत, तुम्ही कोण बोलता?

मागून कोणीतरी विचारलं, कोणाचा फोन आहे, मामी. आवाज माझाच, सासूबाईले 'मामी' म्हणणंही माझंच.

मॅडमले सांगतलं. त्यांनी मान वर केलीच नाही.

१८ फेब्रुवारी, सकाळ

रुपरावसमोर उभा राहिलो. त्यानं मागच्या माणसाले प्लेट दिली — माझ्यातून हात घालून.

हजेरीच्या मशीनवर बोट उमटून नाही राहिलं. लग्नाच्या फोटोत काजलच्या बाजूले तो आहे. त्याच्या कपाळावर माझी लहानपणची खोक नाही —

निघतो. आता 'पाहतो' नाही. येतो, काजल. येतो वं —

दुपार

बसमध्ये कंडक्टरनं तिकीट मागतलं नाही. एक बाई येऊन बसली, मी बसलो आहे तिथंच —

बोटं दिसत नाहीत. पेन चालून राहिला —

पोरगी कोणावर गेली, एवढंच. एक डाव. दारातूनच पाह