साठावर एक पत्ता

शनिवार, संध्याकाळ

उद्या कर्वेनगरात मुग्धाची चित्रपत्त्यांच्या खेळाची स्पर्धा. ऑफिसातून आल्यावर रोज बसून लेकीने साठ पत्त्यांचा संच जुळवलाय. तो मी देवापुढे ठेवला आणि राहवेना. आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतो, तसा एक पत्ता आत सरकवला. तोही तिने संचातून काढून टाकलेला, पहारेकऱ्याच्या चित्राचा. "बाबा, तो नुसता उभा राहतो. संचाचा तोल बिघडतो," असं तिनेच सांगितलं होतं. मला उगाच त्याचं वाईट वाटलं.

चहा घेताना ती सहज म्हणाली, "बरोबर साठच लागतात. एक जास्त निघाला तरी पहिला डाव गेला."

चहा गोड लागेना. सांगून टाकलं.

"अहो बाबा, तुमच्या शकुनाने मी सकाळीच घरी परतले असते!" पहारेकरी काढून तिने माझ्या खिशात घातला. "उद्या याला घेऊन बाहेर बसा."

तो शकुन होता की नसती ढवळाढवळ? देवापुढे उभा राहिलो, तर काय मागावं सुचेना. सारखा खिसा चाचपतोय. पहारेकरी खिशातच आहे. तरी संच पुन्हा मोजावासा वाटतो. पण आता त्याला हात लावायचा नाही.