सरोजिनीवहिनींची दोन मिनिटं

चिंचपोकळी, रविवार

ती. इरावतीताईस,

रघुवीरचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे खुर्चीत बसूनच). तुझी साखर कशी आहे? दाजींचा खोकला? आम्ही ठीक, म्हणजे लोकशाहीत भाग घेऊन जिवंत परतलो.

चाळीसमोरचा पालिकेचा दवाखाना कोरोनात तात्पुरता बंद केला होता, तो अजून तात्पुरताच बंद आहे. आता तो पाडून तिथे गाड्या ठेवायची सोय होणार (चाळीत गाडी एकच, अँथनीची, तीही ढकलावी लागते). लोकांच्या हरकती ऐकायला सुनावणी ठेवली, ती व्हिडिओवर. साथीत गर्दी नको म्हणून ही पद्धत आली. साथ गेली, पद्धत राहिली, कारण साहेबांना गर्दी अजूनही नकोच आहे.

चाळीत बरा फोन माझा, म्हणून गुरुवारी दुपारी एकोणतीस नागरिक माझ्या हातातल्या वीतभर काचेपुढे गॅलरीत बसले. बोलणार होत्या सरोजिनीवहिनी. आपला रमाकांत दुसऱ्या लाटेत भरदुपारी त्याच दवाखान्याच्या कुलपापुढे, पायरीवर गेला, हे तू जाणतेसच. वहिनींनी कॅलेंडरच्या पानांमागे भाषण लिहिलं होतं, कुणाला दाखवलं नव्हतं. नंबर अडीच तासांनी आला (तोवर दुसऱ्या वॉर्डातले एक गृहस्थ बनियनवर दिसले, कुणाच्या तरी कुकरच्या तीन शिट्ट्याही साहेबांनी ऐकून घेतल्या). "दोन मिनिटं," साहेब म्हणाले. वहिनी पदर सावरून उभ्या राहिल्या. खणखणीत आवाजात वाचू लागल्या. सगळे मान खाली घालून ऐकत होते. अँथनीने डोळे पुसले. वाचून झाल्यावर साहेब म्हणाले, "बाई, आवाज आलाच नाही. माइक बंद आहे तुमचा. वेळ संपली. पुढचे?" अँथनी ओरडला, "अहो साहेब, परत बोलू द्या ना त्यांना!" तेही अर्थात त्यांना ऐकू गेलं नाही.

शुक्रवारी सगळे कचेरीत गेलो. कारकून फार नम्र. म्हणाला, लेखी द्या. फक्त लेखीची मुदत बुधवारी संपली. त्याने इतिवृत्तातली आमची ओळ दाखवली: 'उपस्थित नागरिकांनी हरकत नोंदवली नाही.' वहिनींनी ती दोनदा वाचली आणि मला विचारलं, "भावोजी, मी मोठ्याने वाचलं होतं ना?" मी हो म्हटलं. काल दवाखान्याभोवती पत्रे ठोकले.

अशी ही साहेबलोकांची लोकशाही. प्रकृतीस जप.

तुझा धाकटा,
रघुवीर

ता. क. – साहेबांना वर जरा जास्तच बोललो. वहिनी उभ्या राहिल्या तेव्हा कागद माझ्या नाकासमोर होता. पहिलीच ओळ: 'यांना पायरीवर बसवून मी परत धावले आणि आधी रघुवीरभावोजींचं दार वाजवलं.' तेव्हा मी घरातच होतो, ताई. कडी काढली नाही. गुरुवारी माझा अंगठा माइकच्या बटणावर कधी गेला, कळलं नाही. चाळीने सगळं ऐकलं, पण मला कुणी शब्दाने बोललं नाही, कारण त्यापुढच्या ओळींत त्यांची दारं होती.

ता. ता. क. – वहिनी पुढच्या आठवड्यात देवगडला तुझ्याकडे येणार आहेत. फोनच बिघडला असं त्या समजतात, दुरुस्त करून घ्या म्हणून माझ्या मागे लागल्यात. खरं ते तू सांग, माझ्याने होत नाही. पण त्यांचं जेवण झाल्यावर सांग. आधी सांगितलंस तर ताटावरून उठतील.