एकदाच विचारतात

प्रिय आई,
नमस्कार रजईतूनच करते, इथे परदेशात बाहेर बर्फ आहे, रागावू नकोस.

अगं, काल कामावरच्या मैत्रिणीने मला घरी जेवायला नेलं! तिचे वडील सुतार. घरभर लाकडाचा वास, जिन्याची पायरी न् पायरी त्यांच्या हातची. मी तर हरखूनच गेले.

तिच्या आईने गरम सूप पुढे केलं. तुझ्या शिकवणीप्रमाणे मी लाजत म्हटलं, "नको, नको." तर तिने खरंच वाडगा उचलून आत नेला! इथे एकदाच विचारतात. पोटात कावळे ओरडतायत आणि मी आपली हसत बसलेय.

शेवटी न राहवून मैत्रिणीला आपल्याकडची आग्रहाची पद्धत समजावून सांगितली. सगळे पोट धरून हसले. मग तिच्या वडिलांनी मला तीनदा विचारलं, वर मी शिकवल्याप्रमाणे "माझी शपथ" म्हणाले! मी तीन वाडगे प्यायले.

बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना? आणि तुझा गुडघा?

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी "येऊ नकोस, उगाच कशाला," असं तूही फोनवर तीनदा म्हणालीस. मी काही इथली नाही गं. तिकीट काढलंय. आदल्या दिवशी सकाळी दारात उभी असेन.

तुझीच,
धाकटी