पाळण्यातली बिऱ्हाडं

८ नोव्हेंबर
टीना मांजरीची तिन्ही पिल्लं आता भात-मासळी खातात. म्हणजे योग्य घरी द्यायला तयार. टीनाला अर्जुनीच्या बस स्टँडवरून मीच वाचवून आणलं, तेव्हा पुढची जबाबदारीही माझी. अडचण एकच. कुटुंब पाळण्यात राहतं. तो पाळणा बायकोने, रुख्मिणीने, भूमिकाच्या बाळासाठी धुऊन ठेवला होता. लेक पहिल्या बाळंतपणाला वीस तारखेला येते आहे. मी म्हणालो, एसटीत जन्मभर गाड्या वेळेवर सोडल्या, तीन पिल्लं वीसच्या आत नाही का सोडणार? रुख्मिणी म्हणाली, वेळेवर?

९ नोव्हेंबर
धोरण ठरलं. आधी घर पाहायचं, मग माणसं, मग पिल्लू. भावनेला जागा नाही.

११ नोव्हेंबर
राइस मिलवाला धनवंता आला. म्हणाला, भाऊ, धानात उंदरं लय झाले, तिन्ही देऊन टाका. म्हणजे पिल्लांना कामाला लावणार. नकार. जाताना म्हणाला, मांजर देऊन राहिले का पोरीचं लगन जमवून राहिले?
फाटक लावून घेतलं.

१३ नोव्हेंबर
हेमेंद्र मास्तरांकडे गेलो. घर स्वच्छ, आई प्रेमळ, पण शाकाहारी. पिल्लाने आयुष्य दूध-भातावर काढायचं? नकार. चहा दोनदा घेतला.

१४ नोव्हेंबर, सकाळी
गीताबाई मासळी विकते. खाण्याची चिंता नाही. पण कुत्रा आहे. म्हातारा आहे, दात पडले, असं ती म्हणाली. दात परत येणार नाहीत याची हमी देईना. नकार. म्हणाली, द्यायचंच नसन तं तसं सांगा ना, कायले फिरवून राहिले?
गैरसमज. मला मांजरांची विशेष आवड नाही.

१७ नोव्हेंबर
पट्टेवालं पिल्लू माझ्या चपलेत झोपलं. बाजारात अनवाणी गेलो. झोपमोड केली की पिल्लं बिघडतात.

१९ नोव्हेंबर
रुख्मिणी सकाळपासून बोलत नाही. नियम शिथिल केले. सगळ्यांना फोन. धनवंताने नागऱ्याहून बोका आणला. हेमेंद्रच्या आईचा विचार बदलला, आता मांजर नको. गीताबाई हसली आणि फोन ठेवला.
वाईट वाटायला हवं होतं. संध्याकाळी पिल्लांना मासळी आणली.

२० नोव्हेंबर, दुपारी
भूमिका आली. पिशवी दारात टाकून थेट पाळण्यापाशी बसली. म्हणाली, आई, एवढ्याशांना कुठं पाठवता, राहू द्या. रुख्मिणीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, राहू दे, पण पाळण्यात नाही. कोरडी, दार लागणारी खोली पाहिजे. अशी खोली घरात एकच.
माझी.

२१ नोव्हेंबर
मोहीम फत्ते. पाळणा रिकामा, धुतलेला, उन्हात. टीना आणि पिल्लं माझ्या पलंगावर. माझी खाट धानाच्या खोलीत, पोत्यांच्या मधे. उजेड बेताचा. उंदीर आहेत, पण दिवसा कमी.
रुख्मिणी एकदा डोकावून गेली. म्हणाली, चांगल्या घरी पडले तुम्ही.