अड्येरीची तपासणी आणि आजीचा अभ्यासवर्ग

कंपाला, ४ डिसेंबर

ती. आकीकीस,
शि. सा. न. (नुसतं आई म्हटलं की तू दमदाटी सुरू करतेस, म्हणून आज मानाच्या नावानं.)

फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या नातीच्या बॅगेत घालून पाठवते आहे. आधी तिला जेवायला घाल, मग वाच.

वार्षिक परीक्षेच्या सकाळी अड्येरीला पुन्हा उलटी झाली आणि गणिताचा पेपर तिनं कोरा दिला. शाळा म्हणते, चौथीतच ठेवू. मात्र तिचं लक्ष आणि तिची भीती तपासून डॉक्टरांनी त्रास खरा आहे असं लिहून दिलं, तर वेगळ्या खोलीत, जास्त वेळ देऊन पेपर पुन्हा घेतील. म्हणून डॉ. नांतोंगोंकडे नेलं. अर्ध्यावरच पोर रडायला लागली, तेव्हा त्यांनी थांबवलं. उरलेली तपासणी २७ जानेवारीला आहे. तोवर तिला नुसती खेळू दे. बत्तीस वर्षं हेडमास्तरीण होतीस हे केळीच्या बागेला सांग, तिला नको.

लोभ आहेच, ओरडा कमी कर.
तुझी अब्वोली


फोर्ट पोर्टल, २४ जानेवारी

चि. अब्वोलीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र परत त्याच बॅगेतून येतंय. पोर छान गुबगुबीत झाली आहे. शिजवलेल्या हिरव्या केळ्यांचं मटोके आणि शेंगदाण्याचं कालवण दोन-दोनदा मागून घेते. तू काय उपाशी ठेवतेस की काय तिला?

आता कामाचं. तपासणी म्हणजे परीक्षाच, नाव बदललं म्हणून काय झालं? आणि आपल्या घरातून तयारीशिवाय परीक्षेला कोण गेलंय? त्या बाईंनी काय काय विचारलं ते मी काढून घेतलं. सगळं घडाघडा सांगितलं हिनं, आणि म्हणे हिचं लक्ष नसतं! रोज चहाच्या आधी आकडे उलटे म्हणून घेतले. साबणाच्या वड्या कापून बाईंकडे होते तसे जुळवायचे ठोकळे केले. पोटात गोळा येतो का, शाळेची भीती वाटते का, असल्या प्रश्नांना ही बावळट हो म्हणून आली होती! आता पाठ आहे: नाही, बाई, मुळीच नाही.

माझ्या हाताखालची मुलगी आजवर नापास झालेली नाही. निकाल कळव.
तुझी आई


कंपाला, १० फेब्रुवारी

ती. आईस सा. न.

तुझं पत्र बॅगेच्या तळाशी शेंगदाण्यांखाली होतं, ते तपासणीनंतर पाच दिवसांनी सापडलं. तुझं अभिनंदन. लक्ष उत्तम, भीती नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. शाळा ते वाचून म्हणाली, म्हणजे मुलगी नुसती आळशी आहे, बसवा चौथीतच. तू तिला इतकी छान पास केलीस की ती नापास झाली.

आधी मी हसले, मग हसू राहिलं नाही. काल गणवेश घालून ती अंगणात ओकली, तोंड पुसलं, आणि मी काही विचारायच्या आत मला म्हणाली, नाही, मुळीच नाही. आई, मला ते ऐकवलं नाही गं.

मी सगळं कबूल केल्यावर डॉक्टर पुन्हा भेटायला तयार झाल्या आहेत, २८ तारखेला. पण ही तोंड उघडायला तयार नाही. आजीनं सांगू नको म्हटलंय, एवढंच म्हणते. गाठ तू मारलीस, तूच सोडव.

तुझी अब्वोली


फोर्ट पोर्टल, १६ फेब्रुवारी

चि. अड्येरीस गोड पापा.

आजी चुकली. हे वाक्य आईला दोनदा वाचून दाखव, चाळीस वर्षं वाट बघतेय ती.

तुला एक सांगते, जे तुझ्या आईलाही माहीत नाही. दर वर्षी निकालाच्या दिवशी मी शाळेच्या स्वयंपाकघरामागे जाऊन ओकून यायची. मग तोंड धुऊन मुलांसमोर ताठ उभी राहायची. मला त्याची फार लाज वाटायची, म्हणून तुलाही लपवायला शिकवलं. लाज माझी होती, बाळा, तुझी नाही. बाईंना जे होतं ते सगळं सांग. आजीला काय वाटेल याचा विचार करू नकोस. खरं सांगितलंस म्हणून मी कधी रागावणार नाही.

पत्राचं उत्तर स्वतःच्या हातानं लिही. शुद्धलेखन तपासणार नाही.
तुझी आजी


कंपाला, २ मार्च

ती. आजीस नमस्कार.

मी सगळं सांगितलं. बाईंच्या कागदावर भीतीसाठी दहाच ओळी होत्या, माझ्या भीत्या सतरा झाल्या. मग त्यांनी मागच्या बाजूला लिहिलं. त्या हसल्या नाहीत. गणिताचा पेपर सोमवारी आहे, वेगळ्या खोलीत, फक्त मी आणि एक टीचर. शाळा हो म्हणाली.

आई म्हणते यादी आजीला लिहू नकोस, तिला वाईट वाटेल. पण खरं सांग असं तूच म्हणालीस. चौथ्या नंबरवर तू आहेस.

मेच्या सुट्टीत मी येते. मला घ्यायला बसपाशी तूच ये हं, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस.

तुझी अड्येरी