हिरव्या फायलीतला दाखला

बाबा,

तुमची हिरवी फाइल सांभाळायची जबाबदारी माझ्यावर होती आणि मी ती सांभाळली नाही, हे आधीच सांगते. नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. शाळेत निघताना मी दप्तर तीनदा उघडून बघायची आणि तुम्ही उंबऱ्यात उभे राहून म्हणायचात, "वही काय पळून जाते काय गो?" आता पन्नाशी उलटली तरी तेच चाललंय. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, पर्समध्ये आधार कार्ड आहे का. आणि एवढी काळजी करणाऱ्या बाईच्या हातून नेमका तो कागद गेला.

तुम्ही रत्नागिरीतल्या एका छापखान्यात बाइंडर होतात. चौथी शिकलेला माणूस, पण कागद दोन बोटांत धरून किती टिकेल ते सांगायचात. दुसऱ्यांची पावतीपुस्तकं आणि वह्या शिवून जे पुठ्ठे आणि कापड उरायचं, त्याच्या तुम्ही घरासाठी फायली करायचात. रेशनकार्डाची एक, घरपट्टीची एक, आम्हा भावंडांच्या दाखल्यांची एक, आणि ती हिरव्या कापडी पाठीची, नाडी बांधायची, जिच्यात फक्त तुमचे कागद. रविवारी तुम्ही घरीच पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवायचात. ते स्वयंपाकघर मला आत्ता दिसतंय. आई स्टोव्हपाशी बसलीय, तुम्ही तिच्याच टोपात मैदा ढवळताय आणि पुडीतलं निळं मोरचूद त्यात सोडताय. "ह्या टोपात उद्या भात कसा रांधू मी?" आई विचारते. "हा टोप आता माझा," तुम्ही म्हणता, "तू दुसरा घे." मी चव बघायला खळीत बोट बुडवते आणि तुमचा हात माझ्या मनगटावर फाडकन बसतो. "विष आहे ते! धू हात. आत्ताच्या आत्ता धू." तुम्ही मला मारलंत ते तेवढं एकदाच. मग विहिरीवर नेऊन माझे हात स्वतः चोळचोळून धुतलेत आणि आवाज खाली आणून म्हणालात, "मोरचूद घातलं की वाळवी लागत नाय, कसर लागत नाय. माणूस जातो, कागद राहतो."

त्या हिरव्या फायलीतला तुमचा शाळा सोडल्याचा दाखला मी आयुष्यात दोनदा पाहिला. पहिल्यांदा माझ्या नर्सिंगच्या प्रवेशाच्या वेळी. तहसील कचेरीच्या रांगेत तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून उभे होतात, फाइल काखेत. खिडकीपाशी पोचल्यावर नाडी सोडलीत, दाखला काढून कारकुनासमोर ठेवलात आणि त्याचं लिहून होईपर्यंत कागदाच्या कोपऱ्यावर एक बोट ठेवून राहिलात. मी वाचायला वाकले तर म्हणालात, "तुझं काम झालं ना? मग झालं." त्या कागदावर मला राखीव जागा मिळाली, पुढे इस्पितळात नोकरी मिळाली, आणि आज बसून लिहितेय तो फ्लॅटसुद्धा त्यातूनच आला. होस्टेलला निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला माझी स्वतःची फाइल दिलीत. तपकिरी, आत सहा कप्पे. एका कप्प्यात माझा दहावीचा निकाल तुम्ही आधीच ठेवला होता, बाकीचे रिकामे. "भर," एवढंच म्हणालात.

तुम्ही गेल्यावर हिरवी फाइल आईकडे आली आणि आईबरोबर माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर मी घराला रंग द्यायचं ठरवलं, म्हणून कपाटं रिकामी करायला घेतली. तिची औषधांची बिलं, जुनी पासबुकं, विजेची बिलं, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका. शेजारच्या बाई मदतीला आल्या. निवृत्त शिक्षिका आहेत, मनाने चांगल्या. आईच्या दुखण्यात डबा त्यांच्याच घरून यायचा. त्यांनी हॉलमध्ये फरशीवर तीन ढीग केले. ठेवायचं, टाकायचं, बघायचं. प्रत्येक कागद त्या चष्मा लावून मोठ्याने वाचत होत्या. "हे बघ, नव्वद सालचं दुधाचं बिल! काय गं तुम्ही माणसं!" मी हसत होते, पण नजर कपाटावरून हलत नव्हती. कारण मला माहीत होतं, आज ना उद्या ती हिरवी पाठ वर येणार.

रत्नागिरीतल्या या इमारतीत मी पंधरा वर्षं आहे, बाबा. आपल्या आडनावावरून काही कळत नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी खोटं कधीच बोलले नाही, एवढं मात्र मनाशी म्हणत आले. तुमच्या घरात बुद्धांची तसबीर दारासमोर होती. माझ्या घरात ती आतल्या खोलीत आहे.

फाइल वर आली. नाडी मीच सोडली, त्यांच्या आधी. वरच दाखला होता, पिवळा पडलेला, पण कडा अखंड. मला फक्त जातीचा रकाना दिसला. आपण बौद्ध झालो त्याच्या आधीची जात, शाईने, ठसठशीत. "काय गं ते? बघू," म्हणत बाईंनी हात पुढे केला. "काही नाही, जुनं आहे," म्हणाले आणि दाखला, फाइल, सगळंच टाकायच्या ढिगात खाली सरकवलं. संध्याकाळी त्या घरी गेल्या की काढून घेऊ, असं मनात होतं. पण बाईंनी उत्साहाने भंगारवाल्याला फोन केलेला. तो तासाभरात आला, ढीग पोत्यात भरला, सुतळीने तोंड बांधलं. मी दारातच होते. "थांबा" एवढा एक शब्द हवा होता. पण तो म्हटला असता तर पोतं सोडावं लागलं असतं, आणि बाई तिथेच, चष्मा लावून. मी गॅलरीतून त्याचा टेम्पो वळेपर्यंत बघत राहिले. खाली उतरायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती.

तुमची फाइल गेली त्या दिवसापासून मी एका फोनची वाट बघत होते म्हटलं तरी चालेल. तो या वर्षी आला. भावाचा. तो लोट्याच्या एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत आहे, शिफ्टची नोकरी. त्याची मुलगी, तुम्ही पाहिली नाहीत ती नात, बारावी झाली. तिला फार्मसीला जायचंय. आमच्या वेळी तहसीलदाराचा दाखला पुरायचा. आता जातीची पडताळणी करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी वडिलांकडच्या माणसाची पन्नास सालाच्या आधीची नोंद लागते. मी जन्मभर खाजगी इस्पितळात, भाऊ खाजगी कंपनीत, त्यामुळे आम्हा दोघांचीही पडताळणी कधी झालीच नाही. "ताई, बाबांचा शाळेचा दाखला काढून ठेव," तो म्हणाला. "रविवारी येतो न्यायला. मुदत आहे, हां."

"अरे, ती फाइल... वाळवी लागली तिला," मी म्हणाले.

त्याच्या मागे कंपनीच्या बसचा हॉर्न ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "बाबांच्या फायलीला वाळवी?"

त्यानेही लहानपणी तो टोप पाहिलाय, बाबा.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. जेवण जाईना. कॅलेंडरवरची मुदतीची तारीख बघायची, परत मोजायची, परत बघायची. भंगारवाल्याकडे गेले तर तो हसला. दोन वर्षांपूर्वीचा कागद कुठे असतो, म्हणाला. मग सुचलं की शाळेच्या रजिस्टरात नोंद असणार, त्यावरून दाखल्याची नक्कल मिळेल. पण सावर्ड्याहून आत आपल्या गावची शाळा, ती पटाअभावी बंद झालेली. रजिस्टरं कुठे गेली ते गावात कुणाला धड सांगता येईना. वरच्या वाडीतले एक म्हातारे म्हणाले, "तुजा बापूस ज्या शालेत गेला तिचां आता काय ऱ्हायलां? कपाट तेवढां टेम्पोतून केंद्रशाळेत नेलांनी." केंद्रशाळेत गेले तर कपाटाची चावी असलेले गुरुजी प्रशिक्षणाला. त्या दिवशी मी रिकाम्या हाताने परतीच्या एसटीत बसले. पोरीची जागा माझ्यामुळे जाणार, आणि का गेली ते मी कुणाला सांगू शकणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या खेपेला मुख्याध्यापक बाई भेटल्या, तरुण, चटपटीत. त्यांनी स्वतः कपाट उघडलं. धूळ, कुबट वास, खालच्या कप्प्यातल्या दोन रजिस्टरांचा नुसता भुगा झालेला. वरच्या कप्प्यात जुनं जाड रजिस्टर होतं, पानं सुटी झालेली, पण शाई शाबूत. आम्ही स्टाफरूममध्ये टेबलावर ते उघडलं. बाजूला एक शिक्षक वह्या तपासत होते, दारात पोषण आहाराच्या बाई तांदूळ निवडत बसलेल्या. आपलं आडनाव शोधत मी पानापानावरून बोट फिरवलं. नाही. पुन्हा पहिल्यापासून. नाही. तुम्ही त्या शाळेत गेलाच नव्हतात की काय, असंही वाटून गेलं.

"काकू," मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "तेव्हा बऱ्याच मुलांना आडनाव लावायचेच नाहीत. मुलाचं नाव, बापाचं नाव आणि पुढे जात. तुमची जात सांगा, मी तशी बघते."

मी तो शब्द उच्चारला. माझा मलाच ऐकू आला नाही.

"काय म्हणालात?"

पुन्हा उच्चारला. वह्या तपासणाऱ्या शिक्षकांनी मान वर केली नाही. तांदूळ निवडणाऱ्या बाईंचा हात थांबला नाही. कुणालाही काही झालं नाही. आणि अर्ध्या मिनिटात बाईंनी पानावर बोट ठेवलं. "हे बघा. हेच का?"

माझं बोट तिथून दोनदा गेलं होतं, बाबा. तुमचं नाव, आजोबांचं नाव, आणि आडनावाच्या जागी ती जात. पुढे जातीच्या रकान्यात पुन्हा तीच. म्हणून तुम्ही मला दाखला कधी वाचू दिला नाहीत का? आपलं आडनाव तुम्ही मोठेपणी लावलंत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, आपण पहिल्यापासून ते लावत आलोय. तुम्ही तो कागद लपवला असंही नाही म्हणता येणार. गरज पडली तेव्हा उघड्यावर, खिडकीत, सगळ्यांसमोर ठेवलात, बोटाने धरून. आणि काम झालं की नाडी बांधलीत. मी मात्र तो पोत्यात घालून पाठवला.

नक्कल मिळाली. शिक्का, सही, तीन प्रती. रत्नागिरीला पोचेपर्यंत बसमध्ये मी पिशवी किती वेळा उघडली ते विचारू नका. भावाने दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, वंशावळ केली. मुदतीला चार दिवस उरले असताना कागद दाखल झाले, आणि पुढे यथावकाश पडताळणीचं प्रमाणपत्रही आलं. पोरीची जागा पक्की झाली, कॉलेज सुरू झालं. मूळ दाखल्याबद्दल भावाने परत विचारलं नाही. जेवायला आला की तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघतो, असं मला वाटतं. कदाचित तसं नसेलही. मी त्याला सांगणार आहे. दर रविवारी ठरवते.

कागद दाखल करायला मी पोरीबरोबर गेले होते, भावाला सुट्टी मिळाली नाही म्हणून. रत्नागिरीचंच ऑफिस. बाकांवर माणसं दाटीवाटीने बसलेली. आमचा नंबर लागला. कारकुनाने प्रती उलटसुलट केल्या आणि कपाळाला आठी घालून विचारलं, "आजोबांचं आडनाव वेगळं दिसतंय?"

मी पर्समध्ये प्रतिज्ञापत्र शोधायला लागले. पोरगी टेबलावर कोपर टेकून म्हणाली, "आडनाव नाही ते, सर. आडनावाच्या जागी जात लिहिलीय. महार." वर्गात हजेरी द्यावी तशी, खणखणीत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्ये, ते दुसऱ्या खणात आहे बघ, निळ्या प्लॅस्टिकमध्ये."

ती पुन्हा कारकुनाकडे बघायला लागली. मी मात्र मागे वळून बाकांवर नजर फिरवली, आमच्या इमारतीतलं कुणी आहे का ते बघायला.