गल्लीच्या तोंडावरचे दोन दगड

५ जानेवारी, सकाळी ६.४०
नवीन वही. संकल्प एकच: आपली गल्ली सुरक्षित आणि स्वयंपूर्ण करणे. कोणाची वाट बघत बसायचं नाही. आधी गल्ली, मार्चपर्यंत भोर, दिवाळीपर्यंत वेल्हे. पुणे जिल्ह्याचं नंतर बघू.
शिवाय मिताली. लेकीचं पहिलं बाळंतपण, माहेरीच. फेब्रुवारीअखेर तिला पुण्याहून आपल्या गाडीतून आणायचं कबूल केलंय. रिटायर झाल्यावर गाडी घेतली ती त्यासाठीच. खालची खोली रंगवून झाली.

९ जानेवारी
धोका एकच, टेम्पो. आमची गल्ली पुढे नदीच्या पायऱ्यांवर संपते, त्यामुळे बाजारात आलेले सगळे टेम्पो वळवायला आत घुसतात. काल मानसिंगच्या टेम्पोने बनाबाईची मेथी चिरडली. ती गल्लीच्या तोंडाशी भाजी विकते. म्हणाली, आज मेथी गेली, उद्या म्या जाईन. वाक्य लिहून ठेवलं. भाषणात वापरता येईल.
योजना: तोंडावर दोन दगड. मधून कार जाईल, टेम्पो जाणार नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ देता देता सह्या घेतल्या. सगळ्यांनी केल्या, बहुतेकांनी न वाचता. यालाच विश्वास म्हणतात.

१९ जानेवारी
दगड आले. पासलीहून, मानसिंगच्याच टेम्पोतून. भिमा गवंडी म्हणाला, सायेब, माप येकदा बगून घ्या. मी म्हणालो, भाटघर धरणावर तीस वर्षं मोजमापाची रजिस्टरं लिहिली आहेत, मला माप सांगू नकोस. दगड दोन फूट काँक्रीटमध्ये गाडले. वर केशरी ऑईलपेंटचे दोन हात. बायको, नलू, पिवळा घ्या म्हणत होती. तिला रोड सेफ्टीतलं काय कळतंय. केशरी धुक्यातही दिसतो.

२२ जानेवारी
गाडी बाहेर काढायला गेलो. निघाली नाही. अंतर मी या दगडाच्या मध्यापासून त्या दगडाच्या मध्यापर्यंत धरलं होतं. दगडाला जाडी असते हे भिमाने सांगायला हवं होतं. फूटभराचा फरक, किरकोळ. २६ तारखेला सुट्टी आहे, एक दगड हलवू.

२६ जानेवारी
भिमा पहार घेऊन आला. बघतो तर उजव्या दगडाला रुईची माळ, पुढे नारळ. बनाबाई म्हणाली, काल टेम्पो माझ्या अंगावर येत व्हता, ह्यानं आडवला, आता ह्यो दगड न्हाई, मारुती हाय. भिमाने चप्पल काढली आणि पहार खाली ठेवली. मी म्हणालो, अहो, रंग हार्डवेअरच्या दुकानातला आहे. ती म्हणाली, मग शेंदूर काय झाडाला लागतो व्हय.
निर्णय: डावा काढू. त्याची कोणी पूजा करत नाही.

२७ जानेवारी
डाव्यालाही माळ. येकटा देव बरा दिसत न्हाई, म्हणे.

३ फेब्रुवारी
बॅटरी उतरू नये म्हणून रोज सकाळी गाडी फिरवतो. घाटाच्या पायऱ्यांपासून दगडांपर्यंत, मग रिव्हर्स. आज तीन किलोमीटर झाले. रिव्हर्सवर चांगला हात बसलाय.

८ फेब्रुवारी
योजना यशस्वी, हे नोंदवणं भाग आहे. टेम्पो दुरूनच हळू होतात, ड्रायव्हर हात जोडतात. पोरं रस्त्यात खेळतात. बनाबाई मेथीबरोबर हार-नारळ विकते, शेजारी चहाची गाडी लागली, शनिवारी आंबवड्यापासून माणसं येतात. गल्लीची अर्थव्यवस्था मजबूत. नव्या मारुती मंडळाच्या अध्यक्षपदी एकमताने मी. अध्यक्षाच्या अधिकारात दगड हलवता येईल, हा माझा आतला डाव.

१४ फेब्रुवारी
आतला डाव सभेत मांडला. मग बनाबाई म्हणाली, आपन कोन ठरवनार, देवालाच इचारा. कौल लावला. दगडावर दोन फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर होकार. तीन तास एकही पडलं नाही. भक्तांनी तेल-शेंदूर थापून दगड इतका चिकट केलाय की वीट लावली तरी राहील. सगळे म्हणाले, फूल हलत न्हाई म्हंजी देवाला हलायचं न्हाई. अध्यक्ष म्हणून प्रसाद मीच वाटला.

२१ फेब्रुवारी
जावई अद्वयरावांचा फोन. आपली गाडी निघत नाही म्हटल्यावर भाड्याच्या गाडीने तेच मितालीला आणून सोडणार होते. पण तिचं बीपी वाढलंय, कोणत्याही क्षणी दवाखान्यात न्यावं लागेल. त्यांनी विचारलं, बाबा, गाडी अगदी दारापर्यंत येते ना? मी म्हणालो, तशी येत नाही, पण गल्ली अत्यंत सुरक्षित आहे. त्यांनी फोन मितालीकडे दिला. म्हणाली, बाबा, मी इथेच राहते, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.
मी म्हणालो, छे, वाईट कसलं. फोन ठेवून खालच्या खोलीत जाऊन बसलो. फार वाईट वाटलं.

२२ फेब्रुवारी
नवी योजना: वेळ आली तर चौघांनी मितालीला खुर्चीत बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायचं. आकृती काढून नलूला दाखवली. ती बॅग भरत होती.

२८ फेब्रुवारी, शनिवार
नलू सकाळच्या एसटीने पुण्याला गेली. आता दोन-तीन महिने तिकडेच. मीही निघणार होतो, पण शनिवारची आरती अध्यक्षाच्या हातची, आणि नंतर माझा सत्कार. शाल, श्रीफळ. वक्ते म्हणाले, यांच्यामुळे या गल्लीतल्या लेकी-सुना, लेकरं सुखरूप आहेत. मानसिंगने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.
माणसं पांगल्यावर थोडा वेळ गाडीत बसलो. स्टार्ट केली नाही. मग उतरून दगडापाशी गेलो. माझा देवावर विश्वास नाही. तरी चप्पल काढली, हात जोडले. म्हटलं, मितालीचं सगळं नीट होऊ दे. आणि जमलं तर फूटभर सरक.
थोडा वेळ थांबलो. मग घरी येऊन सकाळचा भात परतून खाल्ला.